निम्म्या वाटेवरून दिसणारे ढग

२०१२ च्या डिसेंबरात अंटार्क्टिकावरून एक प्रचंड फुगा आकाशात सोडला गेला. त्याच्याखाली लटकवलेल्या दुर्बिणीचं काम होतं विश्वाच्या बालपणापासून उरलेला अतिमंद मायक्रोवेव्ह प्रकाश टिपणं. प्रयोगाचं नाव ‘एबेक्स’. ढगांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे हे कळायला हवं, म्हणून सोबत ताऱ्यांचे फोटो काढणारे छोटे कॅमेरे बसवलेले होते. हे फोटो तपासताना ताऱ्यांच्या पुढे भलतंच काहीतरी पसरलेलं दिसलं. पट्टे, सुरकुत्या, लोळ. जमिनीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, जिथे नेहमीचे सगळे ढग केव्हाच पायाखाली गेलेले असतात, तिथून वर पाहिलं तर डोक्यावर आणखी ढग होते!

हे ढग अनोळखी नव्हते. ते इतके बारकाईने मात्र कुणी पाहिले नव्हते.

आपण रोज पाहतो ते ढग वातावरणाच्या सगळ्यात खालच्या थरात, तपांबरात असतात. पावसाचा कितीही उंच ढग घेतला तरी तो साधारण पंधरा-अठरा किलोमीटरवर थांबतो. त्याच्या वर स्थितांबर, त्याच्याही वर मध्यांबर. मध्यांबराच्या माथ्याशी, ८० ते ८५ किलोमीटरच्या पट्ट्यात, ध्रुवांच्या बाजूला आणि फक्त उन्हाळ्यात एक बर्फाचा विरळ पडदा तयार होतो. हेच आपले ढग. जमिनीवरून ते रात्री निळसर-चंदेरी चमकताना दिसतात, म्हणून त्यांना ‘रात्री चमकणारे ढग’ म्हणतात. त्यांच्या अंगचा असा काही प्रकाश नसतो. सूर्य मावळल्यावरही उंच इमारतीच्या गच्चीवर थोडा वेळ ऊन रेंगाळतं ना, तसंच. खाली अंधार पडलेला असतो, ८२ किलोमीटरवर अजून ऊन असतं.

त्यांच्या नोंदी १८८५ पासून मिळतात. त्याआधी दोनच वर्षं, १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला होता आणि त्याच्या धुळीने जगभर रंगीत झालेले सूर्यास्त पाहायची लोकांना सवय लागली होती. त्या स्फोटाचा आणि ढगांचा संबंध होता, की लोक आकाशाकडे जास्त बघायला लागले म्हणून ढग नजरेत आले, यावर तेव्हापासून वाद आहे. ऑटो येस्से या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने मात्र वादात न अडकता मोजमाप केलं. बर्लिनच्या परिसरातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी फोटो काढायचे आणि एकच ढग दोन फोटोंत किती सरकलेला दिसतो यावरून त्याची उंची काढायची. उत्तर आलं ८२ किलोमीटर. आजची आधुनिक उपकरणंही जवळपास हाच आकडा देतात. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या फोटोपट्ट्यांवरून काढलेलं हे उत्तर आहे, हे लक्षात घेतलं की मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

या ढगांचा बर्फ कसा असतो? एकेक कण शंभर नॅनोमीटरच्या आतला, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग किंवा त्याहून बारीक. पाणी थिजायला काहीतरी आधार लागतो. खाली धूळ, मीठ, परागकण असतात. एवढ्या उंचीवर ते कुठून येणार? तिथे आधार मिळतो तो जळून गेलेल्या उल्कांच्या धुराचा. आणि थंडी लागते ती उणे सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपासची, कारण तिथली हवा इतकी कोरडी आहे की त्याहून उबदार तापमानात बर्फ टिकतच नाही.

आता इथे एक कोडं आहे, आणि सगळा विषय या कोड्याभोवती फिरतो. उन्हाळ्यात ध्रुवावर सूर्य चोवीस तास मावळतच नाही. मग तिथलं मध्यांबर उन्हाळ्यात गरम हवं. प्रत्यक्षात ते हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात कितीतरी जास्त थंड असतं. पृथ्वीच्या वातावरणातली सगळ्यात थंड जागा म्हणजे भर उन्हाळ्यातल्या ध्रुवाच्या डोक्यावरचं हे आकाश.

कारण हवा वर चढते. सायकलच्या पंपात हवा दाबली की पंप गरम होतो; उलट, हवेला पसरायला जागा मिळाली की ती गार पडते. उन्हाळी ध्रुवावर मध्यांबरातली हवा सावकाश वर उचलली जाते, पसरते आणि गारठते. हा गारठा सूर्याच्या उबेवर मात करतो. पण हवेला वर उचलतं कोण? उत्तर आहे लाटा.

डोंगरावरून वारा वाहिला की हवा वर ढकलली जाते, पलीकडे खाली घसरते, पुन्हा वर येते. वादळातून वर फेकल्या गेलेल्या हवेचंही तसंच. जड हवेला गुरुत्वाकर्षण खाली खेचतं, खाली गेलेल्या हवेला तरंगण्याचा जोर पुन्हा वर ढकलतो, आणि हे हेलकावे लाटेसारखे पसरत जातात. यांना ‘गुरुत्व तरंग’ म्हणतात. (कृष्णविवरांच्या टकरीतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या. नावं सारखी ठेवून शास्त्रज्ञांनी आपली पंचाईत करून ठेवली आहे.) या लाटा आडव्या तर जातातच, वरही चढतात. आणि वर चढता चढता मोठ्या होतात.

का, ते आसुडाकडे पाहून कळतं. आसुडाची मूठ जाड, टोक बारीक. मुठीजवळ हात थोडासा हलवला तरी टोकाशी कडाड आवाज होतो, कारण तेवढीच ऊर्जा कमी कमी वजनाच्या दोरीत जात राहते. हवेचंही तसंच. जमिनीजवळ एक घनमीटर हवेचं वजन साधारण सव्वा किलो. ८२ किलोमीटरवर तेवढ्याच हवेचं वजन एका ग्रॅमचा शंभरावा भाग. ही घनता लाखभर पटींनी उतरते तेव्हा लाटेची उंची, हिशेबाने, तीनशे पटींच्या आसपास वाढायला हवी. खाली दहा मीटर हेलकावणारी हवा वर तीन किलोमीटर हेलकावू लागेल. तेवढी मजल क्वचितच गाठली जाते, कारण मध्येच लाट फुटते. समुद्राची लाट किनाऱ्याशी येऊन कोसळते तशी.

फुटलेली लाट आपल्याजवळची गती आसपासच्या हवेला देऊन टाकते. तिथल्या जोरदार वाऱ्यांना ब्रेक लागतो, त्यांचा तोल बिघडतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे हवा उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे सरकायला लागते. गेलेल्या हवेची जागा भरायला उन्हाळी ध्रुवावर खालून हवा वर येते. पसरते. गारठते. बर्फ होतो. ढग दिसतात.

म्हणजे लाटा फुटतात म्हणून ढग तयार होतात, आणि ढग असतात म्हणून फुटणाऱ्या लाटा आपल्याला दिसतात. हवा स्वतः अदृश्य. तिच्यात हा पातळ बर्फाचा पडदा ताणलेला असतो, आणि लाट आली की पडद्याला चुणी पडते. शास्त्रज्ञ इतका खटाटोप करतात तो मुळात ढगांसाठी नव्हेच. स्वच्छ पाण्यात शाईचा थेंब टाकून पाण्याची हालचाल पाहावी, तसा हा ढग म्हणजे निसर्गाने आयता टाकून ठेवलेला थेंब आहे.

मग तो पाहायचा कुठून?

जमिनीवरून पाहायचं तर अडचणी दोन. एक, हे ढग फक्त संधिप्रकाशात दिसतात, सूर्य क्षितिजाखाली साधारण ६ ते १६ अंश असताना. दिवसा निळं आकाश त्यांना गिळून टाकतं. दुसरं, खालचे साधे ढग आडवे आले की संपलं. उपग्रहाला या अडचणी नाहीत. २००७ च्या एप्रिलमध्ये खास या ढगांसाठी ‘एम’ नावाचा नासाचा उपग्रह सोडला गेला. बॅटरीने मान टाकेपर्यंत, २०२३ पर्यंत, त्याने काम केलं. कोणत्या वर्षी ढग किती, कुठवर पसरले, कधी सुरू झाले, याचं उत्तम चित्र त्याने दिलं. पण त्याच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे काही किलोमीटरचा तुकडा. शिवाय उपग्रह सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर धावतो. एक लाट दिसली आणि तिचं पुढे काय झालं हे बघावं म्हटलं, तर तोवर हा शेकडो किलोमीटर पुढे. रॉकेट थेट ढगातून जातं, पण जातं म्हणजे अक्षरशः जातंच; थांबत नाही.

आणि लाट फुटताना बघायची तर थांबणं भाग आहे. त्या उंचीवरच्या हवेचा एक हेलकावा पाचेक मिनिटांचा. मोठी लाट फुटून तिचे बारीक भोवरे व्हायला काही मिनिटं ते अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ नजर त्याच तुकड्यावर हवी आणि काही मीटरचे बारकावे दिसायला हवेत. दोन्ही एकत्र जमतं ते फुग्याला.

फुगा ढगापर्यंत पोचत नाही, हे आधी सांगायला हवं. फुगा तरंगतो तो आपण बाजूला सारलेल्या हवेच्या वजनावर. ३८ किलोमीटरवर एक घनमीटर हवेचं वजन जेमतेम पाच ग्रॅम उरतं. तेवढ्यावर कॅमेरे, संगणक, सौरपट्ट्या आणि स्वतः फुगा, सगळं तोलायचं, म्हणून तो वर गेल्यावर एखादं स्टेडियम झाकेल एवढा होतो. ८२ किलोमीटरवर हाताशी ग्रॅमचा शंभरावा भाग. तेवढ्यावर तरंगेल असा फुगा बांधायला तशी जगावेगळी पातळ फिल्म कुठून आणणार? माणसाविना गेलेल्या फुग्याचा उंचीचा विक्रम जपानच्या नावावर आहे, २०१३ मधला, ५३.७ किलोमीटर, आणि तोही अगदी हलक्या सामानानिशी. तेव्हा वैज्ञानिक फुगा निम्म्या वाटेवर थांबतो आणि उरलेले ४०-४५ किलोमीटर कॅमेरा पार करतो.

निम्मी वाट म्हटलं तरी फायदा निम्म्याहून पुष्कळ जास्त आहे. ३८ किलोमीटरवर वातावरणातली ९९ टक्क्यांहून अधिक हवा खाली राहिलेली असते. आकाशाला निळा रंग देणारी हीच हवा. ती नाही, म्हणून भर दुपारीही आकाश जवळजवळ काळं. जमिनीवरून तासभर मिळाला तर मिळाला असा देखावा तिथून चोवीस तास उघडा असतो. पावसाचे ढग आडवे येत नाहीत, आणि खालच्या हवेच्या थरथरण्याने फोटो हलतही नाही.

एबेक्सच्या योगायोगातून हे सगळं लक्षात आलं आणि मग फक्त ढगांसाठी एक फुगा पाठवायचं ठरलं. मोहिमेचं नाव ‘पीएमसी टर्बो’ (‘पीएमसी’ म्हणजे ध्रुवीय मध्यांबरातले हे ढग, ‘टर्बो’ म्हणजे हवेतली खळबळ), पैसा आणि फुगा नासाचा, प्रमुख शास्त्रज्ञ डेव्ह फ्रिट्स. ८ जुलै २०१८ ला स्वीडनच्या उत्तरेकडच्या एसरेंज तळावरून तो उडाला.

असा फुगा सुटताना बघण्यासारखा असतो. प्लास्टिकची फिल्म साधारण ०.०२ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाहूनही पातळ. बोटाचं नख लागलं तरी घात व्हायचा. हा लांबलचक पट्टा जमिनीवर अंथरतात आणि फक्त वरच्या टोकात हेलियम भरतात. बाकीचं सगळं अंग चुरगळलेल्या दोरासारखं खाली लोंबतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं गॅस कमी पडला. पण वर हवेचा दाब जमिनीवरच्या अडीचशेव्या हिश्शापर्यंत उतरतो, आणि तेवढाच हेलियम जवळजवळ दोनशे पट फुगतो. जमिनीवरच पूर्ण भरला असता तर थोड्याच उंचीवर फुटला असता. सामान एका क्रेनच्या गाडीला लटकवलेलं असतं. फुगा सुटला की गाडी त्याच्या खाली धावते आणि नेमक्या क्षणी सामान सोडून देते. वारा जरा वाढला तर सगळं दुसऱ्या दिवशी. वाट पाहणं हा या धंद्यातला मोठा भाग.

जुलै आणि उत्तर ध्रुव, या निवडीला दुहेरी कारण. ढगांचा मोसम तर तोच. शिवाय त्या दिवसांत सूर्य मावळत नाही. रात्र झाली असती तर हेलियम गार पडून आक्रसला असता आणि उंची टिकवायला वजन फेकत बसावं लागलं असतं. उन्हाळ्यात स्थितांबरातले वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, त्यामुळे फुगा स्वीडनहून निघून ग्रीनलँडवरून कॅनडाकडे गेला आणि पाच दिवसांनी नुनावुतच्या पश्चिम भागात उतरवला गेला.

त्यावर सात कॅमेरे होते. काही रुंद टापू टिपणारे, काही अरुंद भाग जवळ ओढून दाखवणारे. जंगल आणि पान दोन्ही हवं होतं. कॅमेऱ्यांचं तोंड सूर्याच्या विरुद्ध दिशेला राहावं म्हणून सगळा सांगाडा फिरवत ठेवला जाई. त्यामुळे भिंगात ऊन शिरत नव्हतं आणि मागच्या सौरपट्ट्यांना ते पुरेपूर मिळत होतं. कॅमेरे आणि त्यांचे संगणक हवाबंद डब्यांत. हे डबे थंडीसाठी असतील असं वाटेल. खरी चिंता बहुतेक उलटी असते. तिथे हवाच नसल्यात जमा, मग संगणकाचा पंखा ढकलणार काय? उष्णता बाहेर पडत नाही आणि यंत्र स्वतःच्याच तापाने शिजतं. डब्यात हवा कोंडली की ती आत फिरून उष्णता डब्याच्या भिंतीपर्यंत पोचवते.

पाच दिवसांत साठ लाख फोटो निघाले. त्यांनी १२० टेराबाइट जागा घेतली. भागाकार केला तर एका फोटोला सुमारे २० मेगाबाइट, आणि प्रत्येक कॅमेऱ्याचे सेकंदाला सरासरी दोन फोटो. ध्रुवीय आकाशातून उपग्रहामार्फत एवढा डेटा खाली पाठवण्याची सोय नव्हती. नमुन्यादाखल निवडक चित्रं आली, बाकी सगळं डिस्कवर. म्हणून या मोहिमेत उड्डाणाइतकंच उतरणं मोलाचं होतं: निर्जन मुलखात पॅराशूटने उतरलेली पेटी हाती लागली तरच प्रयोग झाला म्हणायचा. ती लागली.

फोटोत एक उणीव असते, खोलीची. ढग किती उंच आहे, पडदा जाड की पातळ, एकावर एक दोन पडदे आहेत का, हे चपट्या चित्रातून कळत नाही. त्यासाठी जर्मनीच्या अवकाश संस्थेने त्याच फुग्यावर लायडार बसवलं होतं. ते वर लेझरचे ठोके सोडतं आणि परतलेल्या प्रकाशाला किती वेळ लागला यावरून अंतर काढतं. कॅमेरा चुणी दाखवतो, लायडार सांगतं चुणी किती खोल.

आता त्या फोटोंत दिसतं काय? आधी सरळ पट्टे येतात, ओल्या वाळूवर पाण्याच्या खुणा उमटाव्यात तसे. मग दोन थरांतले वारे वेगवेगळ्या वेगाने एकमेकांवरून घासू लागतात आणि त्यांच्यामधली सीमा गुंडाळायला लागते. सतरंजी गुंडाळावी तसे एकामागून एक लोळ उभे राहतात. लोळांच्या अंगावर आडव्या फासळ्या उमटतात, फासळ्या पिळतात, आणि थोड्याच मिनिटांत तिथे नुसता विस्कटलेला कापूस. विझवलेल्या मेणबत्तीचा धूर आधी सरळ चढतो, मग डुलतो आणि वीतभर वर गेल्यावर एकदम विखुरतो. तोच प्रकार, फक्त किलोमीटरांच्या मापात.

पुस्तकी चित्रात हे लोळ एकमेकांना समांतर, शिस्तीत फुटतात. खऱ्या आकाशात ते क्वचितच तसे असतात. एक लोळ जरा तिरका, दुसरा मध्येच तुटलेला, एकाची टोकं शेजारच्याच्या टोकांशी जुळत नाहीत. अशा ठिकाणी शेजारचे दोन लोळ भोवऱ्यांच्या नळ्यांनी एकमेकांत अडकतात आणि गाठी पडतात. फ्रिट्स आणि सहकाऱ्यांनी हे फोटो आणि संगणकावरची सविस्तर गणितं शेजारी ठेवून पाहिलं, तर खळबळ सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात माजते ती या गाठींपाशी. शिस्तीत फुटणाऱ्या लोळाला जे करायला वेळ लागतो, ते गाठ झटपट उरकते.

याचा उपयोग हवामानाच्या मॉडेलवाल्यांना आहे, आणि त्यांची पंचाईतही इथेच आहे. सगळ्या पृथ्वीचं वातावरण संगणकात बसवायचं तर त्याचे चौकोन पाडावे लागतात, आणि एकेक चौकोन सहसा दहा किलोमीटर ते शंभर किलोमीटर रुंद असतो. गाठ पडते काही किलोमीटरच्या लोळांत, तिच्यातली खळबळ मीटरांत. मॉडेलच्या जाळ्यातून ती अलगद निसटते. मग तिच्या जागी एक अंदाजाचं सूत्र बसवतात: एवढा वारा, एवढी लाट, तर एवढा ब्रेक. ही सूत्रं बहुतेक सरळ, शिस्तीतल्या लोळांचा विचार करून लिहिलेली. आता साठ लाख फोटोंतून अशा गाठी शोधायच्या, प्रत्येक गाठ किती मिनिटं टिकली ते मोजायचं, आणि सूत्रातला ब्रेक किती घट्ट करायचा ते ठरवायचं, असं हे काम आहे.